सहावा काप

पिंपळगाव रेणुकाईला नवरात्राचे नऊ दिवस उपास धरणाऱ्या बायकांचा एक रिवाज होता. दुपारच्या फराळाला त्या देवीच्या देवळामागच्या ओट्यावर ओळीनं बसायच्या आणि ताटात पडलेली हरेक वस्तू तोंडात जाण्याआधी तिचं नाव घेतलं जायचं. भगर. शेंगदाणे. रताळं. साबुदाणा. नाव घेणारी एकच असायची. बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग हात घालायचा. जिचं नाव घेता येत नाही ती वस्तू उपासाला चालत नाही, आणि भलत्याच नावाखाली काही पोटात गेलं तर उपास मोडला. हा रिवाज कोणी घातला ते कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रार तरी कोणाकडे नेणार?

नाव घेण्याचा मान दुर्गाबाईचा. पाटलाच्या घरातली थोरली सून, काकासाहेबांची बायको. बाई अंगानं काटकुळी, बोलायला कंजूष, आणि बोटं अशी की धान्याच्या पोत्यात हात घातला की पोतं खरं बोलायला लागायचं. एकदा भोकरदनच्या दुकानदारानं भगरीत तिच्यासारखंच दिसणारं राळ्याचं धान्य मिसळून धाडलं होतं. दुर्गाबाईनं मूठभर उचलली, चोळली, परत टाकली आणि एवढंच म्हणाली, "हिच्यात पाव्हणे हायेत." दुकानदारानं दुसरं पोतं धाडलं आणि त्या घराला पुन्हा मिसळलेला माल कधी दिला नाही. गावात पहिल्यांदा आलू आला तेव्हा तो उपासाला चालतो की नाही यावर पुरुषांनी पारावर खूप वाद घातला. दुर्गाबाईनं आलू घरी नेला, मातीत पुरला, कोंब आलेला पाहिला, वेल नाही झुडूप येतं हे पाहिलं, खाली लागलेले आलू उकरून काढले आणि पुढच्या नवरात्रात शांतपणे नाव घेतलं, "आलू." त्या दिवसापासून आलू पंगतीत बसला.

उषाबाई तिची धाकटी जाऊ, पुंजारामची बायको. रूप चांगलं, हात कामाला जल्दी, जीभ त्याहून जल्दी. लग्न होऊन आल्यापासून ती ओट्यावर दुर्गाबाईच्या डाव्या हाताला बसत आलेली, आणि तिथून तिला दर खेपेला तोच देखावा दिसायचा. सगळ्या बायकांचे हात मांडीवर, सगळ्यांचे डोळे अक्काच्या, म्हणजे दुर्गाबाईच्या तोंडाकडे. उषाबाईनं मनात दुर्गाबाईचं एक खातंच उघडलं होतं. त्यात जमेची बाजू गावच भरत होतं, म्हणून हिनं फक्त नावेची बाजू सांभाळायचं ठरवलं होतं. अक्का कुठं चुकते ते लिहायचं. वर्षं गेली तरी तो रकाना कोरा. कोऱ्या रकान्याचाही माणसाला एक राग येतो, तसा तिला येत असे. त्यात यंदा तिनं पहिल्यांदाच नऊच्या नऊ दिवस उपास धरला होता. याआधी ती पहिला आणि शेवटचा दिवस धरून मोकळी व्हायची. पुरे नऊ दिवस धरणारीलाच नाव घेता येतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

चौथ्या माळेला तिचा भाऊ मच्छिंद्र नवीन जालन्याहून आला. तिथल्या जिनिंगात तो काट्यावर होता, कापसाची वजनं करायचा. येताना त्यानं पत्र्याचा एक डबा आणला. डबा उघडला आणि उषाबाई बघतच राहिली. आत तळलेले काप, पण एका जातीचे नव्हेत. कोणी सोनेरी, कोणी तांबूस, कोणी ठिपक्यांचे, कोणी चक्क जांभळे.

"ठेसनासमोर एक महाराज तळून राह्यला," मच्छिंद्र म्हणाला. "हैदराबादचे सायेब लोक गाडीत बसायच्या आधी पुडे घेतात. साजूक तुपातलं हाय ताई, वर शेंदेलोण. समदे जमिनीखालचे कंद. उपासाला बिलकुल चालतं म्हणे."

"कोणकोणते कंद?"

"इचारलं ना मी. तू पहिलं तेच इचारशील म्हणून." त्यानं बोटांवर मोजत सांगितलं, "आलू, रताळं, अरवी, सुरण, कोनफळ." सहाव्या बोटाशी तो जरासा थांबला. "आणि हे पांढरं, हे... पांढरं रताळं."

तो थांबला ते उषाबाईनं पाहिलं. पण माणसाला जे हवं असतं त्याच्यातली खोट तो मनावर घेत नाही. तिनं सहाही नावं दोनदा म्हणवून घेतली आणि डबा फडताळात वर ठेवला. बाजारात मिळणारं कोणतंही रताळं दुर्गाबाई मातीसकट ओळखील. पण हे सोललेलं, कापलेलं, तळलेलं. ओळख पटू नये म्हणून कंदाचं जे जे करता येतं ते सगळं महाराजानं करून ठेवलं होतं. आणि रिवाजाप्रमाणं नाव घेतल्याशिवाय चाखता येत नव्हतं.

पाचव्या माळेला फराळाच्या वेळी उषाबाईनं डबा ओट्यावर आणून उपडा केला. परातीत असा काही रंग सांडला की ओळीतल्या बायका पुढं झुकल्या.

"मच्छिंदरनं आणलंय, अक्का," ती साळसूदपणे म्हणाली. "तुम्ही नावं घ्या, म्हंजे आम्ही खातो."

ओळीत झुंबरबाई होती. गावात कोणाच्या घरी काय शिजतंय ते शिजण्याआधी तिला कळायचं. ती म्हणाली, "हे अन्न हाय का रंगपंचमी?"

दुर्गाबाईनं पदर खोचला. पहिला काप उचलला, उजेडाकडे धरला, कानाशी नेऊन मोडला. "आलू."

दुसऱ्याची कड बोटानं चाचपली. "रताळं. साखर हाय ना त्याच्यात, कड पहिली जळते."

तिसरा लहानसा, करडा, बारीक ठिपक्यांचा. त्याला तिनं नुसतं पाहिलं. "अरवी."

चौथा नाकाशी धरला. "सुरण. चिंचेच्या पाण्यात बराबर ठेवलंय. घसा खाजणार न्हाई, खुशाल खा."

उषाबाईच्या मांडीवरचे हात घट्ट झाले. मनात राग होताच, पण खरं सांगायचं तर डोळे हटत नव्हते. बाईच्या चेहऱ्यावर ना ताठा, ना घाई. एखादी सुईण जसं पोट तपासते तसं चाललेलं.

पाचवा जांभळा. त्यावर बायकांची खात्री झाली की हा रंगवलेला. दुर्गाबाईनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि काप पुसला. पदराला डागही लागला नाही. "रंग न्हाई लावलेला, आतलाच हाय. हे कोनफळ. आपल्याकडं न्हाई होत, घाटाखाली होतं. माझं माहेर धावडा, माझी मावशी घाट उतरून खानदेशात दिल्ती. तिच्या घरी थंडीत कोनफळाची भाजी व्हायची."

झुंबरबाई शेजारणीला म्हणाली, "बघ. मावशी तिकडं दिली ती पण आपल्या कामी आली."

मग सहावा. पांढरट, जाड, काचेसारखा कडक. मधोमध बारीक दोऱ्यासारखी एक शीर. दुर्गाबाईनं तो उजेडाकडे धरला. मोडला, आवाज सुका, हाडासारखा. वास घेतला. बोटात चुरला, चुरा तळहातावर पसरला आणि परत वास घेतला.  

"हे मला ठाऊक न्हाई," दुर्गाबाई म्हणाली.

इतक्या साध्या आवाजात म्हणाली की काय झालं ते कळायला बायकांना थोडा वेळ लागला. उषाबाईला मात्र लागला नाही. नावेच्या रकान्यात पहिली ओळ पडली होती. ती सरळ होऊन बसली.

"पांढरं रताळं हाय ते, अक्का."

दुर्गाबाईनं कापाकडे पाहिलं. "रताळ्याची कड जळते. याची जळली न्हाई."

"पांढऱ्याची जळत नसंल."

"नसंल बी." दुर्गाबाई तिच्याकडे वळली. "तू नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मंग खा."

नावावर शंका निघाली तर नाव घेणारीनं पहिला घास खायचा, हाही रिवाजच. उषाबाईनं सगळ्यांच्या देखत तो काप तोंडात टाकला आणि चावला. बाकीचे हात परातीकडे निघाले तसा दुर्गाबाईनं आपला तळवा पांढऱ्या कापांवर आडवा ठेवला.

"बाकीचं समदं खा. याला थांबा. मी न्हाई म्हणत न्हाई, पण व्हय बी म्हणत न्हाई."

हात मागे गेले. झुंबरबाई म्हणाली, "मंग उषाबाईच्या पोटात जे गेलं त्याला काय म्हणायचं? पाव्हणं?"

बायका हसल्या. उषाबाईही हसली, कारण न हसणं महागात पडलं असतं. पण तिच्या तोंडात त्या वेळी एक वेगळीच भानगड चालली होती. पहिल्याच चाव्याला जिभेनं तिला सांगून टाकलं होतं की हे गोड नाही. अजिबात नाही. रताळं पांढरं असो की हिरवं, गोड नाही असं रताळं तिनं जन्मात खाल्लं नव्हतं.

घरी आल्यावर दुर्गाबाईनं स्वयंपाकघराचं दार लोटलं, एका वाटीत गरम पाणी घेतलं, पदराच्या गाठीत बांधून आणलेला तो पांढरा काप त्यात सोडला आणि पाटावर बसली.

"उषे, बस इथं. तो काप मला चाखता येत न्हाई, तू चाखलाय. या गावात त्याची चव फक्त तुझ्या तोंडाला ठाऊक हाय. गोड व्हता का?"

उषाबाईनं चुलीकडे पाहिलं. प्रश्न सोपा होता आणि उत्तर तर त्याहून सोपं. 'व्हय, गोड व्हता' एवढं म्हटलं की पांढरं रताळं पक्कं. उद्या ओट्यावर अक्काच तळवा उचलणार, उषाचं बराबर होतं म्हणणार, आणि मग पुढचं पुढे. खोटं पकडणारं कोणी नाही. जालन्याचा महाराज काही पिंपळगावला साक्ष द्यायला येत नव्हता. उलट खरं बोललं तर आपण भलतं नाव घेतलं हे आपल्याच तोंडानं कबूल, आणि पहिल्याच वर्षी पाचव्या माळेला उपास मोडलेली म्हणून गावात नाव. सगळा हिशेब तिनं एका श्वासात केला. तो एकाच बाजूला झुकत होता.

पण समोर बसलेली ती बाई उत्तराची वाट पाहत होती ती संशयानं नव्हे. हे उषाबाईला सोसेना. अक्का तिच्या जिभेकडे अशी पाहत होती जशी स्वतःच्या बोटांकडे पाहायची.

"गोड न्हाई," उषाबाई म्हणाली. "बिलकुल न्हाई."

"कसा व्हता?"

"आधी कडक. खडा चावल्यागत. मंग..." तिनं डोळे मिटले. आता खरं बोलायलाच लागली होती तर पुरतं बोलावं. "मंग दातांना चिकटला. चव अशी काहीच न्हाई, पण ओळखीची. आपण उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या घालतो ना अक्का, त्या तळून खाल्ल्यावर शेवटाला तोंडात जे राहतं, ते."

 दुर्गाबाईनं वाटी पुढे सरकवली. गरम पाण्यात पडलेल्या कापाची कड फुगली होती, पांढरेपण गेलं होतं आणि कडेला तो काचेसारखा आरपार दिसायला लागला होता. भिजवून शिजवलेला साबुदाणा दिसतो, अगदी तसा.

दोघी जावा त्या वाटीवर वाकून बसल्या.

"उषे," दुर्गाबाई हळूच म्हणाली, "साबुदाणा कशाचा होतो?"

"साबुदाणा? साबुदाणा साबुदाण्याचाच होतो की."

"झाडाला लागतो का जोंधळ्यागत कणसाला?"

"दुकानात लागतो," उषाबाई म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तरानं तिला हसू फुटलं. दुर्गाबाईही हसली. त्या घरात जावांनी एकाच गोष्टीवर एका वेळी हसण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग.

काकासाहेब बाहेर ओसरीवर होते. दुर्गाबाईनं दाराआडून विचारलं. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की साबुदाणा समुद्रापलीकडून जहाजात येतो. जहाजात कशातून येतो, असं विचारल्यावर म्हणाले, "पोत्यातून." याच्यापुढं त्यांची माहिती संपली, पण आवाजातला गंभीरपणा संपला नाही.

मच्छिंद्र दुसऱ्या दिवशी जालन्याला परत निघणार होता. त्याला बोलावलं. दुर्गाबाईनं वाटी त्याच्यापुढे ठेवल्यावर त्यानं कापाकडे नुसतं पाहिलं आणि मान खाली घातली.

"अक्का, पाच नावं त्यानं सांगितली. सहाव्याला गाडी आली आन् तो गिऱ्हाइकाकडं वळला. ताईला अर्धवट काय सांगायचं म्हणून मी आपलं..."

"आपलं काय?" उषाबाई म्हणाली. "काट्यावर बी असंच करतोस का रे? मापात कमी भरलं की आपल्या मनचं घालतोस?"

"ऱ्हाऊ दे," दुर्गाबाई म्हणाली. "पोरानं बहिणीचं मन राखलं. पण मच्छिंदर, आता एक कर. तो कंद कच्चा, अख्खा, सालीसकट घेऊन ये. आठव्या माळेपर्यंत. आन् कोण लावतं, कसा लावतं, समदं इचारून ये. या वेळी गाडी गेल्यावर इचार."

तो गेल्यावर उषाबाई बराच वेळ वाटी विसळत बसली. मग पाठमोरीच म्हणाली, "अक्का, मी गोड म्हणले असते तर?"

"तर मी मानलं असतं. तोंड तुझं."

मधले दिवस उषाबाईला जड गेले. पक्कं हाती येईपर्यंत ओट्यावर काही बोलायचं नाही आणि उपासही सोडायचा नाही, असं दुर्गाबाईनं बजावलं होतं. त्यामुळे झुंबरबाईला रान मोकळं. फराळाला बसताना ती उषाबाईच्या ताटाकडे दयाळूपणे बघायची आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "बिचारी. मोडलाय तरी धरून राह्यली. कष्ट फुकट, पण सवय चांगली." उषाबाईच्या जिभेवर सहा उत्तरं यायची. ती सहाही गिळायची, त्यांची नावं घेतल्याशिवाय. आणि रोज डाव्या हाताला बसून अक्का भगर म्हणते, शेंगदाणे म्हणते ते पाही. एक गोष्ट तिच्या लक्षात आली. या दिवसांत साबुदाणा ताटात आला की अक्का तो बाजूला सारायची. नाव घेत नव्हती.

अष्टमीला सकाळीच मच्छिंद्र आला. भोकरदनपर्यंत मोटारीत आणि पुढं कोणाच्या तरी छकड्यात बसून आलेला. अंगभर धूळ आणि खांद्यावर गोणपाटाचं बोचकं. देवळामागं ओट्यावर बायका सडा घालत होत्या, तिथंच त्यानं ते मोकळं केलं. हातभर लांबीचे, मनगटाएवढे कंद. वरून झाडाच्या सालीसारखे तपकिरी. दुर्गाबाईनं नखानं साल उचकली. आत गुलाबी पापुद्रा, आणि त्याच्या आत दुधासारखा पांढरा गर.

"महाराज बदरोद्दीन बागवानाकडून घेतो," मच्छिंद्र सांगू लागला. "बदरोद्दीनकडं गेलो. तो म्हणला, मी न्हाई लावत, रेल्वेच्या चाळीमागं एक मलबारी पॉइंटवाला हाय, गाडीचे रूळ बदलणारा, तो लावतो. त्याच्याकडं गेलो. त्यानं आपल्या मुलखातनं काड्या आणल्यात, नुसत्या काड्या, त्या रोवल्या की झुडूप येतं आन् खाली हे. तिकडं गरीब लोक भाकरीगत रोज खातात म्हणे. तो याला कप्पा म्हणतो. निघताना बदरोद्दीनची घरवाली सरदारबी मला रस्त्यात अडवून म्हणली, छिलका पूरा निकालना, बीच का धागा फेकना, और कच्चा बिलकुल नक्को खाना."

"शहाणी बाई हाय," दुर्गाबाई म्हणाली. "किसणी आणा."

त्या दिवशी ओट्यावर जे झालं ते कुरडया घालताना गावातली प्रत्येक बाई करते तेच होतं. गव्हाचा चीक काढावा तसा दुर्गाबाईनं या कंदाचा चीक काढायला घेतला. उषाबाईनं साली काढल्या आणि किसून दिलं. कीस पातळ धोतराच्या फडक्यात बांधला, परातीतल्या पाण्यात पिळला, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा पिळला. परातीत दूध झालं. मग परात सावलीला ठेवली. बायका घरोघरची कामं सोडून ओट्याभोवती रेंगाळत राहिल्या. झुंबरबाईनं घरी दूध उतू गेल्याचा निरोप येऊनही हलायला नकार दिला.

दुपारी दुर्गाबाईनं वरचं पाणी हलकेच ओतून टाकलं. तळाशी पांढरा शुभ्र थर बसलेला. तो तिनं फडक्यावर काढला, ओलसर असतानाच चाळणीतून चोळला, पडलेला चुरा सुपात घेतला आणि सूप गोल गोल हलवू लागली. दाणे एकमेकांवर लोळले, गोल झाले. उषाबाईनं तवा ठेवून तुपाचं बोट फिरवलं. त्यावर ते दाणे टाकले आणि उलथन्यानं हलवत राहिली. थोड्या वेळानं दाण्यांचा पांढरेपणा सरला. त्यांच्यात मोत्याची झाक आली.

"अगं माय," झुंबरबाई म्हणाली. "हा तर साबुदाणा."

 तव्यावरचे दाणे तडतडत होते.

दुर्गाबाईनं हात पुसले. "तर हा कंद साबुदाण्याचा. उपासाला चालतो."

झुंबरबाई लगेच सावध झाली. "चालंल की. पण उषाबाईनं पांढरं रताळं म्हणून खाल्ला. रिवाज म्हंजे रिवाज."

"बराबर हाय," दुर्गाबाई म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही, पण मागे बसलेल्या बायकाही पुढे सरकल्या. "मंग माझं ऐका. उषीनं वस्तू खाल्ली आन् नाव चुकलं. पण मी इचारल्यावर गोड न्हाई म्हणून खरं तिनंच सांगितलं, न्हाई तर आपण आज बी रताळंच म्हणत बसलो असतो. माझं काय झालं? साबुदाणा, साबुदाणा म्हणून इतकी नवरात्रं मी नाव घेत आले. तो दाणा हाय का कंद हाय का जहाजाच्या लाकडाचा भुसा हाय, मला ठाऊक नव्हतं. मला नाव ठाऊक व्हतं, वस्तू न्हाई. उषीचा मोडला असंल तर माझा तिच्या आधी मोडला. आन् माझ्या तोंडावर भरवसा ठेवून तुम्ही समद्यांनी खाल्लं. आता तुम्ही सांगा."

झुंबरबाईच्या चेहऱ्यावर जे झालं ते पाहण्यासारखं होतं. तिनं ओट्यावर किती नवरात्रं काढली, त्यांत किती वाट्या खिचडी खाल्ली, त्या सगळ्या उपासांचं पुण्य देवीच्या दप्तरी आजवर बिनबोभाट जमा होतं, आणि एका धाकट्या जावेच्या कापापायी ते सगळं उलटं फिरायला निघालं होतं. एवढा तोटा सोसायची तिची तयारी नव्हती.

"कोण म्हणतं मोडला?" ती म्हणाली. "मी म्हणले का? पोरीनं खाल्लं ते साबुदाण्याचंच घराणं. कोणाचाच न्हाई मोडला."

"समद्यांना कबूल?"

सगळ्यांना कबूल होतं. काहींना तर फारच जल्दी कबूल होतं.

पांढऱ्या कापांचा उरलेला वाटा इतके दिवस डब्यात तसाच होता. दुर्गाबाईनं तो परातीत काढला, आणि स्वतःच्या जागेवरून जरा उजवीकडे सरकली. ओळीत तिच्या डाव्या हाताला एक जागा मोकळी झाली, ओट्याच्या मधोमध.

"ये, उषे. नाव घे."

"मी?"

"तूच खाल्लाय."

उषाबाई त्या जागी बसली. इतकी वर्षं ती जागा तिनं बाजूनं पाहिली होती. मधून पाहिली तर वेगळीच दिसत होती. समोर सगळ्यांचे डोळे, मांडीवर ठेवलेले हात, आणि चुकलं तर सगळ्यांचं चुकणार. अक्का इतकी वर्षं बोलायला कंजूष का होती ते तिला तेवढ्यात कळलं.

तिनं काप उचलला. त्याची चव ठाऊक असूनही उजेडाकडे धरला. मधली शीर पाहिली. कानाशी नेऊन मोडला. पॉइंटवाल्याचा 'कप्पा' हा शब्द तिच्या तोंडाशी आला होता, पण तो ज्याचा त्याला शोभत होता. तिनं तो मुलूख पाहिला नव्हता. ज्याचा तिला स्वतःला पत्ता लागला होता तेवढंच तिनं म्हटलं.

"साबूचा कंद."

 दुर्गाबाईनं मान हलवली. उषाबाईनं खाल्ला. मग सगळ्यांनी खाल्ला, झुंबरबाईनं दोन.

पुढं भगर आली, शेंगदाणे आले, रताळं आलं. तिनं एकेकाचं नाव घेतलं आणि प्रत्येक वेळी बोटांनी आधी चाचपून घेतलं. सगळं होऊन बायका फराळाला हात घालणार तोच तिनं ताटाच्या कडेला ठेवलेला शेंदेलोणाचा गुलाबी खडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि शेजारी वळली.

"अक्का, हे कुठनं येतं?"

दुर्गाबाईनं खडा हातात घेतला. चांगला वेळ पाहिला. "ठाऊक न्हाई," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्या आलूच्या वेळी आली असेल तशी चमक आली.

"माय," झुंबरबाई दोघींच्या मधून हात घालून खडा उचलत म्हणाली, "हे दसऱ्यानंतर शोधा."